नॉर्थ टॉलिव्हर गाव वापरण्याच्या सूचना

लोकशाही टिकवायची असेल तर ती मुलांना शिकवली पाहिजे, यावर सर्व जाणत्या माणसांचे एकमत आहे. (मुलांना विचारलेले नाही.) आणि ती शिकवायची तर साहित्य लागते. साहित्याशिवाय शिकवलेली लोकशाही मुलांच्या वहीत राहत नाही, ती अंगात शिरते आणि मग मुले घरी जाऊन जेवताना 'का?' असे विचारू लागतात. हा धोका ओळखूनच अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्याच्या वरच्या अंगाला असलेल्या एका शाळा-मंडळाने नियम केला, की मान्यताप्राप्त साहित्य नसलेला विषय कोणत्याही वर्गात शिकवू नये.

आता नॉर्थ टॉलिव्हरच्या शाळेत अमेरिकेचा इतिहास आणि नागरिकशास्त्र यांचे साहित्य नव्हते असे म्हणणे अन्यायाचे होईल. कपाट गच्च भरलेले होते. त्यात देशाचा भिंतीवर लावायचा नकाशा होता, ज्यात अलास्का आणि हवाई अजून देशात यायचे होते. पाठ्यपुस्तक होते, ज्यातला शेवटचा अध्यक्ष नुकताच निवडून आल्याच्या आनंदात होता. पुढे त्याचे काय झाले हे गावात सगळ्यांना ठाऊक होते, फक्त त्यालाच नव्हते. 'विधेयकाचा कायदा कसा होतो' हा तक्ता होता. त्याचा मधला भाग उंदरांनी खाल्ल्यामुळे विधेयक मांडले की लगेच त्याचा कायदा होई. (विधिमंडळातले एक सदस्य शाळेला भेट द्यायला आले असता त्यांनी या तक्त्याची प्रत मागून नेली होती.) शिवाय एक मतपेटी होती. तिच्यात मुलांचे हरवलेले हातमोजे ठेवत, आणि त्यात डाव्या हाताचे बहुमत होते.

या कपाटाची किल्ली विनिफ्रेड ब्रोडर यांच्याकडे असे. ब्रोडरबाई आठवीला इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवत. बाईंचा एकच दुर्गुण होता. मुलांना खरे सांगितले तर ती शहाणी होतात, असे त्यांना मनापासून वाटे. एवढ्या वर्षांच्या नोकरीतही तो गेला नव्हता.

त्या वर्षी मंडळाचे मुख्य अधिकारी डॉ. लॅम्बर्टन यांनी बाईंना बोलावून घेतले आणि कपाटाची पाहणी झाल्याचे सांगितले. जूनपर्यंत मान्यताप्राप्त साहित्य आले नाही तर आठवीचा तास बंद होणार होता. मग मुलांना बसने मंडळाच्या केंद्रावर नेऊन, कानाला यंत्रे लावून, पडद्यासमोर बसवायचे ठरले होते. पडद्यावर एक चित्रातला गरुड नागरिकशास्त्र शिकवी. गरुड वाईट नव्हता. त्याचे उच्चार स्वच्छ होते, टोपी झेंड्याच्या रंगाची होती. फक्त तो मध्ये थांबत नसे, आणि त्याला प्रश्न विचारण्याची सोय नव्हती.

बाईंना रात्री झोप लागेना. मग त्यांनी शाळांसाठी विकत मिळणारी एक पेटी शोधून काढली. तीत जुन्या माणसांची खरी पत्रे होती. गुलामीतून पळालेल्या बाईची जबानी होती, तिच्या मालकाने छापलेली शोधाची जाहिरात होती. गिरणी बंद पाडणाऱ्या मुलींचे पत्रक होते, गिरणीमालकाचे उत्तर होते, न्यायालयांचे निकाल होते. जो तो आपापल्या तोंडाने बोलत होता, मध्ये कोणी समजावून सांगणारा नव्हता. पेटीच्या माहितीपत्रकात शेवटी छापले होते, 'मुले वाचतील आणि आपले मत आपण बनवतील.' हे एक वाक्य छापणाऱ्याने गाळले असते तर पुढचा सगळा इतिहास टळला असता.

पेटी विकत घ्यायची तर गावसभेची संमती हवी होती. गावसभा मार्चच्या पहिल्या मंगळवारी भरते. तेव्हा रस्त्यांचा चिखल झालेला असतो, मेपलच्या झाडांचा गोड रस अजून नीट वाहत नसतो आणि लोकांना दुसरे काम नसते. लोकशाहीला याहून पोषक हवामान नाही. या सभेत प्रत्येक मतदार स्वतः येतो, स्वतः बोलतो, स्वतः हात वर करतो. मध्ये कोणी प्रतिनिधी नसतो, त्यामुळे नंतर शिव्या द्यायला कोणी उरत नाही, ही या पद्धतीतली एकमेव उणीव.

सभेचे नियम पाळण्याच्या बाबतीत नॉर्थ टॉलिव्हरचे लोक धर्मनिष्ठ आहेत. एकाने सूचना मांडायची, दुसऱ्याने अनुमोदन द्यायचे. अनुमोदन नाही मिळाले तर सूचना तिथेच मेली. मिळाले तर दुरुस्ती, मग दुरुस्तीला दुरुस्ती, मग मतदान. ठराव चुकला असे वाटले तर तो पुन्हा उघडता येतो, पण त्यासाठी ठरावाच्या बाजूने मत दिलेल्या माणसानेच उभे राहावे लागते, आणि तेही पुढचा विषय पुकारण्याआधी. पुढचा विषय पुकारला की मागचा ठराव त्या सभेपुरता ब्रह्मदेवालाही उघडता येत नाही. घराला आग लागल्याची खबरसुद्धा इथे 'कामकाजाबाहेरचा मुद्दा' म्हणून हात वर करूनच द्यावी लागते, आणि एकदा तशी ती दिली गेलीही होती. (घर गेले. पण नोंद अत्यंत सुबक झाली.)

सभा शाळेच्या व्यायामशाळेत भरली. ज्यांना मत नाही त्यांच्यासाठी भिंतीकडे एक दोरी बांधतात. दोरीपलीकडे ब्रोडरबाईंची आठवी बसली होती. मुलांनी लोकशाही डोळ्यांनी बघावी, ही बाईंचीच हौस.

सभापती एल्डन पिकेट. गुरांच्या खाद्याचे दुकान चालवणारा हा गृहस्थ वर्षातून याच एका दिवशी टाय बांधतो आणि त्या दिवशी सख्ख्या बायकोलाही 'उपस्थित सदस्या' म्हणतो. सकाळ सगळी रस्ते सपाट करणाऱ्या यंत्रावर गेली. यंत्राला नवे पाते घ्यावे की जुनेच घासावे, यावर गावातली उत्तमोत्तम डोकी बोलली. शाळेचा अख्ख्या वर्षाचा खर्च मात्र एखाद्याला ठसका लागून बरा व्हावा एवढ्या वेळात मंजूर झाला, कारण तेवढा मोठा आकडा कोणाच्या डोळ्यासमोर येत नाही. यंत्र सगळ्यांनी पाहिलेले असते.

मग विषय क्रमांक अकरा आला, पेटीचा. स्वयंपाकघरातून भाजलेल्या बीन्सचा वास यायला लागला होता. ब्रोडरबाईंनी सूचना मांडली, कोणीतरी अनुमोदन दिले, आणि मर्ल टीबो उठला.

मर्लची लाकूड कापायची गिरणी आहे. तो कधीच कशाला विरोध करत नाही, फक्त दुरुस्ती सुचवतो. त्याच्या लग्नात त्याने पाद्रीबाबांच्या वाक्यातही एक दुरुस्ती सुचवली होती, ती बायकोने जागच्या जागी फेटाळली.

"सभापती, मी हे माहितीपत्रक वाचलं," मर्ल म्हणाला. "इथे लिहिलंय, मुलं आपलं मत आपण बनवतील."

"बरं मग?"

"माझं काही म्हणणं नाही. फक्त कुठलं मत, ते लिहिलेलं नाही. उगाच नंतर भांडणं नकोत."

सभेला हे पटले. मर्लने सुचवले की पेटीतल्या प्रत्येक कागदासोबत त्याच्या उलट म्हणणारा कागद असावा. मंजूर. त्यावर ऑर्फा स्टिकनी काठी टेकत उठल्या. गावातल्या सर्वांत वयस्क बाई. स्वातंत्र्ययुद्धात त्यांचे घराणे इंग्लंडच्या राजाच्या बाजूने होते, हरल्यावर कॅनडात पळाले होते आणि तिथले बटाटे न आवडल्यामुळे परत आले होते.

"राजाची बाजू कोणी मांडत नाही," ऑर्फाआजी म्हणाल्या. "माणूस वाईट नव्हता. डोक्याने जरा गेलेला होता, पण तसे आपल्यातही आहेत. मी नावं घेत नाही."

राजाची बाजू मंजूर झाली. मग वेक्सलर उठले. वेक्सलर कनेटिकट राज्यातून येऊन इथे स्थायिक झाले त्याला आता एकतीस वर्षे झाली, त्यामुळे गाव त्यांच्याकडे नवीन पाहुणा म्हणून बघते. कोणाचेही मन दुखावेल असा कागद पेटीत नसावा, असे त्यांनी सुचवले. पाहुण्याचा मान म्हणून मंजूर. लगेच मर्लने दुरुस्तीला दुरुस्ती आणली, की मग कोणाला उगाच अभिमान वाटेल असाही कागद नको, नाहीतर तोल जाईल. तेही मंजूर. गुलामीतून पळालेली बाई गेली, तिचा मालक गेला, गिरणीच्या मुली गेल्या, मालकाचे उत्तर गेले. राजा जाताना ऑर्फाआजींनी मान खाली घातली. शेवटी पेटीत झाकण, कडी आणि वापरण्याच्या सूचना एवढेच उरले.

"सभापती," ब्रोडरबाई म्हणाल्या, "आता पेटी रिकामी झाली."

"तोच माझा मुद्दा," मर्ल म्हणाला. "रिकामी पेटी विकत कशाला आणायची? मी पाइनच्या फळ्यांची करून देतो." आणि मग, असे म्हणतात की माणसाच्या आयुष्यात एकदाच येणारा तो क्षण त्याच्या आयुष्यात आला. तो थांबला. दोरीपलीकडच्या मुलांकडे त्याने पाहिले. "अरे, पण पेटी तरी कशाला? लोकशाही शिकवायचीय ना पोरांना? मग सकाळपासून आपण काय करतोय? ही बसलीत पोरं, बघतायत आपल्याकडे. याच्यापेक्षा चांगलं साहित्य कुठल्या दुकानात मिळतं, मला दाखवा."

व्यायामशाळेत असा काही अभिमान दाटून आला की मर्लच्याच मागच्या दुरुस्तीचा तो सरळसरळ भंग होता. दुरुस्ती लिहून घेण्यात आली ती अशी: 'साहित्य विकत घेण्याऐवजी, ही गावसभा आणि तिचे सर्व सदस्य हेच इतिहास व नागरिकशास्त्राचे शैक्षणिक साहित्य समजण्यात यावे.' बाजूने आवाज एवढा मोठा झाला की स्वयंपाकघरातल्या बायकाही चमचे हातात घेऊन 'हो' म्हणायला बाहेर आल्या. विरुद्ध एक.

एल्डनने हातोडा आपटला आणि जेवणाची सुट्टी जाहीर केली. पुढचा विषय अजून पुकारलेला नव्हता. म्हणजे बीन्स संपेपर्यंत वेळ होता. ब्रोडरबाई ताट न घेताच एल्डनकडे गेल्या.

"विनी, तोंड पाडू नकोस गं," एल्डन टाय सैल करत म्हणाला. "मान आहे हा गावाचा."

"एल्डन, माणसं म्हणजे साहित्य नव्हे. हे मंडळाच्या नियमात बसलं तर काय होईल माहितीये?"

"मग उघड की ठराव परत."

"मला कसा उघडता येईल? मी 'नाही' म्हटलंय."

"हो, ते लक्षात आहे. एकटीचाच आवाज होता. 'हो' म्हटलेलं माणूस आण एखादं, मी दोन मिनिटात उघडतो."

'हो' म्हटलेल्या माणसांचा तुटवडा नव्हता. बाई ऑर्फाआजींच्या शेजारी जाऊन बसल्या.

"अगं, मी 'हो' म्हटलं खरं," आजी म्हणाल्या, "पण मला वाटलं, बीन्स आणखी कोणाला हवेत ते विचारतायत."

"मग तेवढंच सांगा ना उभं राहून, आजी. ऐकू आलं नाही म्हणा."

"म्हणेन की. आणि मग माझा मुलगा घरी गेल्यावर गाडीची किल्ली काढून घेईल. दोन वर्षं टपून बसलाय मेला. तू दुसरं कोणीतरी बघ, बाळ."

मर्ल डोनट खात होता. बाईंचे म्हणणे त्याने शांतपणे ऐकून घेतले. "विनी, तुझं खरं असेल," तो म्हणाला. "पण जन्मात पहिल्यांदा माझ्या दुरुस्तीवर माणसं उठून टाळ्या वाजवत होती. ती मीच पाडू? आणि घरी जाऊन हिला काय सांगू?"

त्याच्या डोळ्यांत पाणी होते, हे बाईंनी पाहिले. त्यांना त्याचा राग आला आणि रागापेक्षा दया जास्त आली, आणि त्या दोन्हीत वेळ गेला. एल्डनने टाय आवळला आणि विषय क्रमांक बारा पुकारला: कुत्र्यांचे परवाने.

डॉ. लॅम्बर्टन यांना ठराव वाचताना गहिवरून आले, कारण त्यात खर्चाचा रकानाच नव्हता. असे साहित्य मंडळाच्या इतिहासात प्रथमच येत होते. त्यांनी ते त्वरित मान्य केले आणि मान्यताप्राप्त साहित्याचे सर्व नियम त्यास लागू केले. आठवीचा तास वाचला. बाईंनी त्याबद्दल आभार मानले, कारण आभार न मानण्यासाठी नियमात तरतूद नव्हती.

प्रत्येक नागरिकाच्या कॉलरीच्या आतल्या बाजूस क्रमांक चिकटवण्यात आला. एल्डन पिकेट क्रमांक एक, मर्ल टीबो क्रमांक सतरा. साहित्यावर पेनाने लिहू नये, ते उन्हात किंवा ओलीत ठेवू नये, वापर झाल्यावर जागच्या जागी परत ठेवावे. साहित्य घरी न्यायचे असल्यास घरच्या जबाबदार व्यक्तीने सही करावी. मर्लला रोज संध्याकाळी त्याची बायको सही करून नेई. (दोनदा तिने सही करायचे नाकारले. त्या दोन्ही रात्री तो नकाशाशेजारी झोपला.) साहित्य स्वतःचे स्वतः वापरता येत नाही, त्याला शिक्षक लागतो, या कारणास्तव ब्रोडरबाईंना मात्र सूचीतून वगळण्यात आले.

साहित्याच्या स्थितीची तपासणी झाली, तिचा निष्कर्ष उत्साहवर्धक होता. 'उत्तम' सात. 'कोपरे झिजलेले, पण वाचनीय' बहुसंख्य. 'मधली पाने गहाळ' चौदा, त्यांत ऑर्फाआजी. 'मुखपृष्ठ आकर्षक, आत विशेष काही नाही' या वर्गात तिघे होते. तिघेही पुढे निवडणुकीला उभे राहण्याचा विचार करत आहेत असे कळते. आपली स्थिती शेजाऱ्याहून एका पायरीने खालची लागली म्हणून तीन घरांमध्ये बोलणे बंद झाले.

वेक्सलर यांना क्रमांक मिळाला तेव्हा त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला. त्यावर गावाचे नाव छापलेले होते. "एकतीस वर्षांत मला इथलं म्हणून कोणी लिहून दिलं नव्हतं," ते म्हणाले आणि भर वर्गात रडले. आठवीच्या मुलांनी तो पाठ उतरवून घेतला.

मग दोन्ही बाजूंचा नियम आला. प्रत्येक नागरिकासोबत त्याच्या उलट मताचा नागरिक वर्गात हजर असणे बंधनकारक ठरले. यंत्राच्या पात्याबद्दल जोड्या चटकन लागल्या. पण गाईंच्या किमतीबद्दल आणि हवेबद्दल गावात सगळ्यांचे मत एकच असल्यामुळे, उलट मताची माणसे शेजारच्या गावातून उसनी आणावी लागली. ती पंधरवड्याने परत करायची होती. त्यांतला एक खराब होऊन परत गेला, म्हणजे त्याला इथले म्हणणे पटले होते.

बाईंनी हार मानली नाही. आहे त्या साहित्यात शिकवणे हा त्यांचा पेशाच होता. त्या मर्लला वर्गापुढे उभा करत आणि विचारत, "तुम्ही 'हो' का म्हणालात?" मर्ल तासभर बोले. डेल्फिन नावाची एक मुलगी पहिल्या बाकावर बसे.

"बाई, क्रमांक सतराला हात लावून बघितला तर चालेल का?" तिने एकदा विचारले.

"हात धुऊन," बाई म्हणाल्या. त्या काळात त्या थकल्या होत्या.

"मर्लकाका," डेल्फिनने त्याच्या बाहीला हात लावून विचारले, "पण तुम्हाला तेव्हा वाटत काय होतं? आमच्यासाठी चांगलं होईल असं, की लोक टाळ्या वाजवतील असं?"

मर्लने आपली कॉलर सारखी केली. मग म्हणाला, "दुसरं." त्या दिवशी पहिल्यांदा त्या वर्गात इतिहास शिकवला गेला. दुसऱ्या दिवशी एका पालकाची तक्रार आली की मुलगा घरी मत घेऊन आला. क्रमांक सतरा पुनरावलोकनासाठी मागे घेण्यात आला. पुनरावलोकन समितीचे सगळे सभासद स्वतःच साहित्य असल्यामुळे त्यांनी प्रथम एकमेकांना मागे घेतले, आणि मर्लचा निकाल लांबला.

असे वर्ष गेले. पुन्हा मार्च आला, चिखल झाला, गाव व्यायामशाळेत जमले. एल्डनने टाय बांधला होता. त्याने सुरुवातीलाच मंडळाच्या वकिलांचे मत वाचून दाखवले. ते थोडक्यात असे होते: शैक्षणिक साहित्याला मत असू शकते, पण मताधिकार असू शकत नाही, नकाशाने आजवर कोठेही मतदान केल्याचे आढळत नाही. सबब यापुढे नॉर्थ टॉलिव्हरची गावसभा हे प्रात्यक्षिक समजावे, आणि गावाचे निर्णय मंडळाच्या कार्यालयात घेतले जावेत.

हे मत स्वीकारावे की नाही यावर सभेने मतदान केले. ते एकमताने फेटाळण्यात आले. प्रात्यक्षिक म्हणून ते फारच प्रभावी झाले, असा शेरा डॉ. लॅम्बर्टन यांनी मागच्या खुर्चीवर बसून लिहिला.

मग सकाळभर यंत्राच्या पात्यावर चर्चा झाली. नवे पाते मंडळाने आधीच घेतले होते, ते बसवलेले यंत्र बाहेर आवारात उभे होते. त्यामुळे चर्चा अधिक मोकळी झाली. बीन्स नेहमीसारखे होते. खरे सांगायचे तर काही फरक पडला आहे असे कोणालाच जाणवले नाही, आणि हेच बाईंना सहन झाले नाही. दोरीपलीकडे नवी आठवी बसली होती. मुले वहीत लिहून घेत होती: लोक उभे राहतात, बोलतात, हात वर करतात, मग जेवतात.

ब्रोडरबाई उठल्या. गावात साहित्य नसलेल्या आणि मत असलेल्या त्या एकट्याच होत्या. (एल्डन सभापती म्हणून बसला होता, पण तो क्रमांक एक. त्याचा हातोडा सूचीत घ्यायचा राहून गेला होता, त्यामुळे कायद्याने बघता सभा हातोडा चालवत होता.)

"सभापती," बाई म्हणाल्या, "गेल्या वर्षीचा विषय क्रमांक अकराचा ठराव रद्द करावा, अशी मी सूचना मांडते."

"विनी," एल्डन टाय असतानाही म्हणाला, "साहित्य गेलं की जूनमध्ये तुझा तास गेला. पोरं त्या गरुडापुढे बसतील."

"माहितीये. बसू देत. तास जाईल, पण बघायला गाव तरी राहील. मी घरी बोलावून शिकवीन त्यांना."

आयुष्यभर जपलेली एकच गोष्ट त्यांनी टेबलावर ठेवली होती, आणि सगळ्यांना ते कळले.

"सूचना आली आहे," एल्डन म्हणाला. "अनुमोदन?"

मर्ल टीबो उठला. या वेळी त्याच्याकडे दुरुस्ती नव्हती. "मी देतो. अनुमोदन. आहे तसं, एक अक्षर न बदलता."

"सदस्य टीबो, खाली बसा. तुम्ही क्रमांक सतरा आहात. त्यातून पुनरावलोकनाखाली."

"एल्डन, मी जन्म काढलाय या गावात."

"मी पण. बस, मर्ल."

मर्ल बसला. ऑर्फाआजींनी, गाडीची किल्ली गेली तर गेली म्हणून, काठी उंच धरली, तीही मोजता आली नाही. वेक्सलर यांनी कॉलरीतला क्रमांक उपटून काढायचा प्रयत्न केला. तो निघत नव्हता. चांगला डिंक वापरला होता.

एल्डनने घाम पुसला. नियमाच्या पुस्तकात त्याने बराच वेळ शोधले. मग तो म्हणाला, "गावात साहित्य नसलेलं दुसरं माणूस शिल्लक नाही, हे ध्यानात घेऊन मी रहिवासाची अट काढून टाकतो. वयात आलेलं कोणीही चालेल, कुठलंही चालेल. ज्याने हे कामकाज पहिल्यापासून आतापर्यंत लक्ष देऊन पाहिलं, ज्याला सगळं नीट समजलं आणि ज्याच्या कॉलरीला क्रमांक नाही, असं एक माणूस पुरे. त्याने नुसतं 'अनुमोदन' म्हणायचं. मी तीनदा विचारतो."

चौकशीअंती असे निष्पन्न झाले की या अटी पूर्ण करणारी एक व्यक्ती उपलब्ध होती. ती म्हणजे वाचक. ब्रोडरबाई त्याच दिशेला बघत उभ्या होत्या.

एल्डनने तीनदा विचारले. प्रत्येक वेळी तो जरा जास्तच थांबला, जे नियमात बसत नाही. नंतर त्याने हातोडा आपटला. कार्यवृत्तात त्याची नोंद आहे: 'वाचक उपस्थित होते. त्यांना बाईंचे म्हणणे पटले होते, मधूनमधून ते हसतही होते. अनुमोदन आले नाही. सूचना मृत.'

वाचकांची सूचीत नोंद त्याच दुपारी घेण्यात आली. वर्ग: प्रेक्षक. स्थिती: उत्तम, न वापरलेले. क्रमांक यथावकाश कळवण्यात येईल.